न बसवलेल्या छत्रीचा खर्च

आमच्या धुराड्यावर छत्री नव्हती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, ताईला तर नाहीच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, यात सांगण्यासारखं काय आहे? नागपुरात धुराडं असलेली घरं आता उरली किती, आणि त्यावर पत्र्याची छत्री आहे की नाही याची पडली आहे कुणाला? खरं आहे. पण आमच्या घरी ती आहे, असं जवळजवळ दोन वर्षं सगळे धरून चालले होते. नाही हे एकट्या मला माहीत होतं, कारण आहे असं सांगणारा मीच होतो.

ताई माझी मोठी बहीण. भाऊजी गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, आणि घरात कुणी तिला दोन दिवस निवांत बस म्हणायच्या आधीच तिनं मागच्या टिनाच्या शेडमध्ये चूल मांडली. लांब पोळ्या करून विकायला लागली. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. गव्हाचं पीठ मीठपाण्यात इतकं मळायचं, आपटायचं, की उचललं तर दोरीसारखं लोंबतं. मग तो गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. रुमालासारखी पातळ पोळी होते. आंब्याच्या दिवसांत रसासोबत आणि एरवी रविवारी मटणाच्या रश्शासोबत लोक ती मागवतात. गॅसवरही करतात म्हणे काही जणी. ताईला विचारा, ती नाक मुरडेल.

महिन्याच्या सुरुवातीला ती माझ्या बायकोच्या हातावर किराण्याचे पैसे ठेवायची. बायको नको नको म्हणायची. ताई म्हणायची, "ठेव वं. भावाच्या घरी बसून खाऊन राह्यली, असं कोणी म्हणाले नाही पाह्यजे." त्या चुलीवर तिची नुसती पोळी भाजली जात नव्हती, एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

धुराडं वडिलांनी घर बांधलं तेव्हाचं. चुलीवर पत्र्याचं नसराळं, त्यातून सिमेंटचा पाइप भिंतीबाहेर जातो, वळण घेऊन वर चढतो आणि टिनाच्या वर, पाण्याच्या टाकीच्या मागे संपतो. त्याच्यावर कधीच काही नव्हतं आणि कधी अडलंही नाही. मग शेजारच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम उभी राहिली. चार मजले. तेव्हापासून वारा त्या इमारतीवर आपटून खाली यायला लागला आणि थेट आमच्या पाइपात शिरायला लागला. धूर वर जायचा सोडून शेडमध्ये परत.

"बाबू," ताई म्हणाली, "वरून हवा उलटी येऊन राह्यली. त्या पाइपावर एक छत्री बसवून दे ना गा. पैसे मी देतो."

"तुझे पैसे कशाला? भाऊबीजेची ओवाळणी समज," मी म्हणालो. फार मोठेपणानं म्हणालो. माझा मोठेपणा बहुधा काम सुरू व्हायच्या आधीच संपतो.

मी सरकारी कार्यालयात आहे आणि दुरुस्तीच्या कामांच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. तीन कोटेशन आल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. नळाची तोटी बदलायची असली तरी तीन. ऑफिसात हे ठीक आहे. घरी मी तसाच वागतो, हे माझ्या बायकोचं लग्नापासूनचं दुःख आहे. आमचा पंखा एकदा उन्हाळाभर बंद होता, कारण तिसरा माणूस आलाच नव्हता.

आधी मी मोबाइलवर पाहिलं. पत्र्याची छत्री, घरपोच, सहाशेच्या आत. बस, माझ्या डोक्यात तो आकडा बसला. छत्रीचा खर्च म्हणजे सहाशे रुपये. जगात कुणी याच्यापेक्षा जास्त मागितलं तर तो मला लुटतो आहे.

पहिला आला तो टिनाचं काम करणारा. गच्चीवरून वाकून त्यानं पाइप पाहिला आणि या धंद्यात बहुतेक शिकवूनच पाठवत असतील असं वाक्य म्हणाला.

"हे कोणं बसवलं होतं जी पहिले? एकदम बेकार काम आहे."

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो.

"नाही म्हणजे, त्या टाइमच्या हिशोबानं चांगलंच आहे." मग म्हणाला, "छत्री पाचशेची."

"आणि बसवायचे?"

"बसवायचे साडेचार."

"साडेचारशे?"

त्यानं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "हजार, साहेब."

मी कारण विचारलं. कारणं तयार होती. टिन जुनं, पाय ठेवला की आत जाणार, म्हणून फळ्या टाकाव्या लागणार. फळ्या आणायला गाडी लागणार. पाइपाचं तोंड फुटलं आहे, त्याला आधी सिमेंटचं कडं करावं लागणार. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, "सिमेंटचं मी नाही करत. त्याच्यासाठी मिस्त्री तुम्ही पाहून घ्या."

मिस्त्री पाहिला. मिस्त्री खालीच उभा राहिला. "कडं करून देतो ना. दोन हजार द्या. पण पहिले टिनवाल्याले छत्री बसवू द्या."

"तो म्हणतो आधी कडं."

"मंग त्याले म्हणा, तूच कर. मी टिनावर नाही चढत. माह्यं वजन पाहून राह्यले ना तुम्ही?"

तिसरा माणूस कारमधून आला. त्याच्याकडे लाल ठिपका पाडून अंतर मोजणारं यंत्र होतं. त्यानं आमच्या गच्चीवर, टाकीवर आणि माझ्या पोटावरही एकदा तो ठिपका पाडला. चहा घेतला, बिस्किटं घेतली. संध्याकाळी मेलवर कोटेशन: स्टेनलेस स्टील, वाऱ्याबरोबर फिरणारी, बसवण्यासह बावीस हजार, कर वेगळा. शिवाय जागा पाहायला आल्याचे पाचशे. ते काम दिल्यास वळते होतील.

"एवढ्यात अख्खी शेड नवीन होईल," बायको म्हणाली.

"म्हणूनच विचार करतोय."

"तुम्ही विचार करा. तोवर ताई धुरात बसतील."

ती असं म्हणाली होती. मला ऐकू आलं होतं.

पैसे नव्हते असं मला म्हणता येणार नाही. त्याच दिवाळीत आम्ही भिंतभर टीव्ही घेतला. प्रश्न पैशांचा नव्हता, पटण्याचा होता. पाचशेच्या वस्तूला साडेचार हजार मजुरी ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नव्हती. मी टिनवाल्याला फोन केला, तीन हजारांत कर म्हटलं. तो म्हणाला, पाहतो. मी म्हटलं, पाहा. दोघंही पाहत बसलो.

आणि भाऊबीज आली.

घर भरलेलं होतं. चुलत बहिणी, त्यांचे नवरे, मुलं, सोफ्यावर चपला घालून नाचणारी कुणाची तरी नातवंडं. मी पाटावर बसलो होतो. ताईनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. मग ताट तसंच हातात धरून, सगळ्यांसमोर, मोठ्या लाडानं विचारलं, "बसवली काय गा बाबू माही छत्री?"

ताटात टाकायला माझ्याकडे काही नव्हतं. ओवाळणी म्हणजे छत्री, असं ठरलेलं. सगळे बघत होते. एक चुलत मेहुणा, ज्याला माझा कंजूसपणा हा विषय दर दिवाळीला लागतो, तो लाडू तोंडात धरून थांबला होता.

"बसवली," मी म्हणालो.

एवढंच. दिवाळीआधी ताई चार दिवस लेकीकडे होती आणि बायको खरेदीला बाहेर, तेव्हाच काम उरकलं असेल असं त्या दोघींनी धरलं. मला खरंच वाटलं होतं, आठवड्याभरात बसवून टाकू, मग हे खोटं राहणारच नाही. मागच्या तारखेनं सही करण्यासारखं आहे, असं वाटलं. ऑफिसात ते चालतं.

ताईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मेहुण्यानं लाडू गिळला.

दुसऱ्या दिवशी टिनवाल्याचा फोन आला, चार हजारांत करतो म्हणून. आता गंमत पाहा. आता मी हो म्हणू शकत नव्हतो! बसवलेली छत्री बसवायला माणूस कसा बोलवायचा? ताई दिवसभर मागेच असते. तो फळ्या घेऊन आला की ती विचारणार, हे काय? मी त्याला म्हटलं, नंतर सांगतो. ताईचे गुडघे गेलेले, ती गच्चीवर चढत नाही. बायको चढते, पण टाकीच्या मागे कबुतरांची घाण असते म्हणून तिकडे वळत नाही. शेजारच्या स्कीममधल्या बाईंना वरून आमचा पाइप स्पष्ट दिसत असणार, पण धुरावरून ताईचं आणि त्यांचं वाजलं होतं, बोलणं बंद होतं. त्या भांडणाचा मला एवढा आधार वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

पुढे जे झालं ते मी कसं होऊ दिलं, हे लिहिताना माझाच मला राग येतो. धूर परत येतच होता. यायचाच. पण छत्री आहे म्हटल्यावर दोष छत्रीचा असणं शक्य नव्हतं. ताईच्या भावानं बसवली होती ना! गिऱ्हाईक पोळ्या न्यायला आलं की ती सांगायची, "पहिले धूर व्हायचा. आता भावानं छत्री बसवून देल्ली. नाहीतर आजकाल कोण पाहते जी बहिणीले." आणि हे सांगताना डोळे पुसायची, कारण डोळ्यांतून पाणी यायचं, धुरानं.

मग तिनं चूल मोडली. म्हणाली, तोंड मोठं झालं होतं. नवीन माती आणली, भिजवली, मळली, पुन्हा घातली. धूर तसाच. पुन्हा मोडली, जरा लहान केली. मी ऑफिसातून आलो की ती मातीच्या हातांनी उकिडवी बसलेली असायची.

"काय झालं?"

"काही नाही गा. मले काही जमून नाही राह्यलं. माय घालत होती चूल, तिची कशी लागे!"

मी आत जाऊन टीव्ही लावायचो.

पावसाळ्यात पाणी पाइपातून उतरून वळणाशी झिरपायला लागलं. चुलीच्या मागची भिंत ओली. ताई म्हणाली, "छत्री असून पाणी कसं येते?" मी म्हटलं, जॉइंट लीक असेल. तिला पटलं. माझं सगळंच तिला पटायचं, हा खरा त्रास होता. एकदा जरी तिनं मला उलट तपासलं असतं, दोन शब्द चढवून बोलली असती, तर मी तिथेच बोलून गेलो असतो. असं मी स्वतःला सांगतो. बहुतेक तेही खोटं असेल.

चुलीनंतर लाकडांची पाळी आली. आमच्या चौकाजवळ लाकडाचा टाल, म्हणजे वखार आहे. टालवाला म्हातारा, ताई पोळ्या करायला लागल्यापासून त्याच्याकडूनच लाकडं घ्यायची. तो तिच्यासाठी वाळलेली बाजूला काढून ठेवायचा, हमालाला सांगायचा, बाईचं वजन नीट कर. एक दिवस ताई तिथे गेली आणि सगळ्यांसमोर त्याला बोलली. मी स्कूटरवर तिला न्यायला गेलो होतो, म्हणून ऐकलं.

"वल्ली लाकडं देऊन राह्यले तुम्ही मले. पाणी मारून वजन करता काय?"

"बाई," तो म्हणाला, "इतके वर्षं झाले, मी तुम्हाले वल्लं लाकूड देईन काय? हात लावून पाहा ना."

"हात काय लावू? डोळे गेले माहे धुरानं. भावानं छत्री बसवली, चूल मी दोनदा घातली. मंग राह्यलं काय? लाकूडच राह्यलं ना!"

तर्क बिनचूक होता. त्यातली एकच गोष्ट चुकीची होती आणि ती मी पुरवलेली होती. म्हातारा माझ्याकडे बघत होता. पुरुषमाणूस आहे, समजावेल, अशा नजरेनं. मी स्कूटर चालू केली. गरज नसताना दोनदा हॉर्न वाजवला.

त्यानंतर ती लांबच्या टालातून लाकडं आणायला लागली, ऑटोचं भाडं देऊन.

मग खोकला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो इतका वाढला की बायकोनं माझ्या मागे लागून धंतोलीतल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाहेर माणसांची ही गर्दी, कुठून कुठून आलेली, पिशव्या, डबे, एक्स-रेची पाकिटं. आमचा नंबर आला तेव्हा मी ताईच्या शेजारच्या स्टुलावर बसलो, फाइल मांडीवर घेऊन.

डॉक्टरांनी विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर जी. पोळ्यांचं काम करतो मी."

"मग धूर खूप होत असेल."

"नाही जी. धुराडं आहे ना. त्याच्यावर छत्रीही आहे. माह्या भावानंच बसवून देल्ली, हा काय बसला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

पाटावर मी जे बोललो ते गडबडीत बोललो, असं एक वेळ म्हणता येईल. इथे गडबड नव्हती. डॉक्टर थांबले होते, पेन हातात धरून, माझ्या उत्तरासाठी. मी मान हलवली आणि त्यांनी ते खरं धरलं. मग ते पिठाकडे वळले. रोज इतकं पीठ चाळता, मळता, पिठाचा त्रास असू शकतो. तपासण्या सांगितल्या, ओढायचं औषध लिहून दिलं, आणि म्हणाले, हे काम काही दिवस बंद ठेवून पाहा.

ऑटो घराजवळ आल्यावर ताई म्हणाली, "पीठच बाधलं म्हणते. घ्या."

तिनं मडकं घासलं, वाळवलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "सज्ज्यावर ठेव, माहा हात पुरत नाही." मी ठेवलं. ऐन आंब्याचा हंगाम. फोन येत होते. ती प्रत्येकाला सांगत होती, नाही जी, बंद केलं, तब्येत साथ देत नाही.

महिन्याच्या सुरुवातीला ती बायकोजवळ येऊन उभी राहिली. "आता मी काय देऊ वं तुले?" बायको रागावली, म्हणाली, असं काय बोलता ताई. ताई हसली. पण त्या दिवसापासून ती एका पोळीवर उठायला लागली. दुसरी वाढली तर हात आडवा. जिच्या हातच्या पोळ्या लोक गाड्या घेऊन न्यायला यायचे, ती आमच्या ताटात पोळ्या मोजून खायला लागली. मला तिथे बसून जेवण जाईना. म्हणजे जायचं. मी जेवायचो. पण चिडून जेवायचो, बायकोवर, भाजीवर, टीव्हीवर.

शेवटी ताई लेकीकडे कामठीला जाणार असं ठरलं, आठ-पंधरा दिवस. ती ऑटोत बसली आणि मी टिनवाल्याला फोन लावला.

"साडेसहा लागतील," तो म्हणाला.

"मागे चारपर्यंत आला होतात तुम्ही."

"तेव्हा करून घ्यायचं होतं ना मंग, साहेब."

साडेसहाला मी हो म्हटलं. पण माझी अट पुढेच होती. "छत्री जुनी पाहिजे."

"जुनी?"

"जुनी दिसणारी. दोन वर्षांपूर्वी बसवल्यासारखी."

"साहेब, नवीन लावा ना. मस्त चमकते."

"चमकायला नको म्हणूनच सांगतोय."

"काही कोर्टाचं मॅटर आहे काय? नाही, म्हणजे मी कुठं गवाही नाही देत, पहिलेच सांगून ठेवतो."

कोर्टाचं काही नाही म्हणून मी त्याची समजूत काढली. मग त्यानं व्यवहार सांगितला. दुकानात मिळणाऱ्या पत्र्याला गंज लवकर चढत नाही. काळ्या पत्र्याची बनवावी लागेल, मिठाचं पाणी मारून उन्हात टाकावी लागेल. तिचे नऊशे. म्हणजे नवी पाचशेला आणि खराब नऊशेला! आयुष्यभर मी कोटेशनं तपासली, पण गंज चढवण्याचा दर मला त्या दिवशी प्रथम कळला. मी घासाघीस केली नाही. तीन कोटेशनंही मागवली नाहीत.

काम एका दिवसात झालं पाहिजे, याचे जास्तीचे. कड्यासाठी मिस्त्री तोच, त्यानं टिनावर चढायला आपल्याऐवजी एक सडपातळ माणूस पाठवला, त्याचे वेगळे. टिनवाल्याचा पाय फळीवरून घसरून एक टिन फुटलंच, ते नवीन. सगळं मिळून अकरा हजारांच्या वर गेलं. पहिल्या माणसाला पहिल्या दिवशी हो म्हटलं असतं तर मिस्त्री धरून सात हजारांत सुटलो असतो.

आणि वर बायको गच्चीत आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"छत्री बदलतोय. जुनी सडली होती."

तिनं टिनवाल्याच्या हातातली छत्री पाहिली. "ही नवीन आहे?"

"हो."

"गंजलेली?"

"तसाच रंग असतो तिचा."

"आणि जुनी कुठाय?"

"भंगारात दिली."

"कधी? माणूस तर आत्ता आला."

टिनवाला पान्हा शोधण्याचं नाटक करायला लागला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या डोक्याचं काय करायचं, त्याचंही एकदा कोटेशन मागवा," आणि खाली गेली. तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, हेही मी लिहायला घेतलं होतं. खोडलं.

ताई परत आली. छत्री वर, आणि चूल बंद. आता तिला पेटव म्हणायचं कोणत्या कारणानं? मी आणखी एक खोटं रचलं. ऑफिसात एकाकडे आमरसाची पार्टी आहे, त्याला ताईच्याच लांब पोळ्या पाहिजेत, फार मागे लागला आहे.

"डॉक्टर नाही म्हणाले ना गा."

"एकच दिवस. तोंडाला पदर बांध."

तिनं मडकं काढायला लावलं. लुगडं सोडताना तिचा चेहरा मी पाहिला, आणि कामठीत ती काय खुश होती म्हणून सांगत आली होती ते किती खरं होतं हे मला समजलं. तिनं पीठ मळलं, आपटलं, लाकडं लावली, काडी ओढली. मी दारात उभा होतो. धूर थोडा घुटमळला आणि नसराळ्यात सरळ वर गेला. बाहेर वारा होता, शेजारच्या इमारतीवर आपटत होता. धूर परत आला नाही.

ताई चुलीकडे बघत राहिली. एक पोळी झाली. दुसरी झाली. खोकला आला नाही. मग ती एकदम हसायला लागली.

"बाबू, कळलं गा मले!"

पकडलो गेलो. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आता सुटलो.

"मी रोज सारवत होती ना चूल. सांजच्याले, पाणी घालून घालून. तिले सुकूच देत नव्हती. आता इतके दिवस बंद होती, तर पाह्य कशी कोरडी झाली! पिठाचं काही नव्हतं. वल्ली चूल पेटवून पेटवून मीच धूर केला. माह्याच हातानं."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असेल."

पार्टीच्या पोळ्या मी ऑफिसात वाटल्या. रस नव्हताच, लोकांनी त्या चहात बुडवून खाल्ल्या.

ताईचं काम पुन्हा सुरू झालं. खोकला पुष्कळ कमी आहे, गेला म्हणत नाही. किराण्याचे पैसे बायकोच्या हातावर पुन्हा पडतात. हे सगळं चांगलं झालं, असं कुणी म्हणेल. पण ती आता चूल सारवत नाही. आठवड्यातून एकदा, तेही ओल्या फडक्यानं नुसतं पुसते. रोज संध्याकाळी सारवलेली चूल हा तिचा दिमाख होता. त्यावर ती बोटानं दोन रेघा ओढायची. आता चुलीला भेगा पडल्या आहेत, आणि कुणी आलं की ती मध्ये उभी राहते, दिसू नये म्हणून. आणि लाकडं अजून लांबच्या टालातूनच येतात. मी एकदा म्हटलं, आता जवळच्याकडे जा ना. ती म्हणाली, "काय काय बोलली मी त्या म्हाताऱ्याले. त्याची लाकडं चांगली होती गा. कोणत्या तोंडानं जाऊ?" तो टाल रस्त्यात आला की ती ऑटोत दुसरीकडे मान वळवते.

परवा ती म्हणाली, यंदा भाऊबीजेला काही आणू नको, तू छत्री देल्ली तेच लय झालं. म्हणून हे लिहायला बसलो. लिहून झालं म्हणजे फिटलं, असं मात्र नाही. ताई हे वाचणार नाही. तिला बारीक अक्षर आता दिसत नाही.

छत्रीचे पैसे मी दिले. छत्री नव्हती, तुझी चूल बरोबर होती आणि म्हाताऱ्याची लाकडं कोरडी होती, एवढं ताईसमोर बसून तिला सांगणं मी अजून देणं लागतो. टालवाल्याची माफीही मीच मागायची आहे.